२३० रुपयांचा थर्मामीटर आणि मापाच्या वहीची मागची पानं

हा थर्मामीटर मी डिसेंबरात नाशिकच्या गोळे कॉलनीतून घेतला, २३० रुपयांना. पांढरं प्लास्टिक, पुढे स्टीलचं टोक, मधे बोटाच्या पेराएवढी खिडकी आणि तिच्यात आकडा. बॅटरीवर चालणारा साधा डिजिटल थर्मामीटर. दुकानदाराने तीन कंपन्यांचे काउंटरवर ठेवले होते, तिन्हींचं काम एकच, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. सात महिने वापरलाय, त्यातले तीन महिने दिवसातून चार-चार वेळा. इतका वापर झाल्यावर वस्तूबद्दल नीट सांगता येतं, म्हणून लिहायला बसले.

मी सिडकोत पवननगरकडे राहते आणि घरी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. बाई दारात आली की मी आधी टेप काढते. 'मागच्यासारखंच शिवा हो' म्हणाली तरी काढते, कारण मागच्या दिवाळीचं माप या दिवाळीला तसंच राहील असं नसतं. आणि घरात नवरा तापाने फणफणत होता तेव्हा मात्र मी महिनाभर कपाळावर हात ठेवून 'आज जास्त वाटतोय', 'आज कमी वाटतोय' म्हणत बसले. त्या महिन्याचं मला अजून वाईट वाटतं.

झालं असं. गेल्या वर्षी गणपती उठले आणि आमच्या यांना डेंगी झाला. प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या, चार दिवस ॲडमिट होते. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जायचा. पपईच्या पानांचा रस द्या, किवी द्या, आणि सगळ्यांत जास्त जणांनी सांगितलं ते शेळीचं दूध. माझ्या भाच्याने पाथर्डी गावाकडचा एक शेळीवाला शोधला. त्या दिवसांत शेळीच्या दुधाला इतकी मागणी की पाव लिटर मिळालं तरी नशीब. दूध देताना शेळीवाल्याने भाच्याला बजावून सांगितलेलं, 'उकळू नका, धारोष्णच प्यायला सांगा, उकळलं की गुण जातो.' मी नऊ दिवस स्टीलच्या पेल्यातून दिलं. प्लेटलेट वाढल्या. सगळे म्हणाले, बघा, शेळीचं दूध लागू पडलं. मीही म्हणाले.

दिवाळीनंतर हे कामावरून आले आणि चादर घेऊन झोपले. अंगात कसकस होती. रात्री अंग तापलं, पहाटे घामाने गादी भिजली, सकाळी उठले ते बरे. दुसऱ्या दिवशी तेच. दहा-बारा दिवस असं चाललं, मग आठवडाभर काही नाही, आणि मग पुन्हा संध्याकाळ झाली की हुडहुडी. त्याच्या जोडीला अंगदुखी. हाडं कुणी आतून पिळतंय असं म्हणायचे. कंबर अशी धरायची की खाली वाकलं तर वर येता यायचं नाही. हे अंबडच्या एका कंपनीत लेथवर आहेत, आठ तास उभं राहायचं काम. रजा संपल्या, बिनपगारी सुरू झाल्या. सुपरवायझरने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, 'ताप रोज संध्याकाळीच कसा येतो?' ते घरी येऊन यांनी मला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वीस वर्षांत एकदा उशिरा न गेलेला माणूस.

डॉक्टरांकडे जात नव्हतो असं नाही. पण संध्याकाळी दवाखान्यात गर्दी, म्हणून आम्ही सकाळी अकराच्या सुमाराला जायचो. दारातली मुलगी कपाळासमोर ताप मोजायची गन धरायची आणि कागदावर ९७ लिहायची. हे थंडीतून मोटरसायकलवर गेलेले, कपाळ गार, त्यात ताप सकाळी उतरलेला. डॉक्टर म्हणायचे, ताप तर नाहीये, डेंगीचा अशक्तपणा आहे, जाईल. एकदा रक्त तपासलं, विडाल नावाची टायफॉईडची तपासणी पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणून पाच दिवस इंजेक्शनं दिली. बरं वाटलं. नवव्या दिवशी परत ताप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चिकुनगुनियाही झाला असेल, त्यात सांधे महिनोन्महिने धरतात. आमच्या आई म्हणाल्या, दृष्ट काढ. ती पण काढली.

मग एका रात्री मी एका गिऱ्हाइकाचं माप वहीत उतरवत होते, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, आणि तिथेच हात थांबला. हे पलीकडे कण्हत होते. दुसऱ्या दिवशी बसने सीबीएसला उतरले, चालत गोळे कॉलनीत गेले आणि थर्मामीटर घेतला. घरी येऊन मापाची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून रेघा मारल्या.

आता वस्तूबद्दल.

काखेत लावायचा की जिभेखाली, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्रीने कमी येतो. आज इथे, उद्या तिथे लावलात तर ताप वाढला की जागा बदलली हेच कळणार नाही. जिभेखाली लावायचा तर चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं, आणि तोंड पूर्ण मिटून धरावं लागतं. यांना तापात धाप लागायची, तोंड मिटवत नसे, म्हणून आम्ही काख ठरवली. टोक नेमकं कुठे जायला हवं ते मला लगेच समजलं. मुंढ्याचं माप घेताना टेप जिथे खोल बसते तीच जागा. आधी घाम पुसायचा, मग टोक लावायचं आणि हात छातीशी घट्ट दाबून धरायचा. बनियनची कड मधे आली तर आकडा चुकतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काखेत लावलात तर टीं-टीं वाजलं की लगेच काढू नका. हा या यंत्राचा मोठा दोष म्हणा किंवा स्वभाव म्हणा. आकडा वर चढायचा वेग कमी झाला की ते वाजतं, पण काखेला तापायला वेळ लागतो. पहिल्याच संध्याकाळी वाजलं तेव्हा ९९.८ होता. मला खरं वाटेना, हाताला तर चटका बसत होता. तसाच ठेवायला सांगितलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटांनी बघितलं, १००.९. मी तीन दिवस असं दोन्ही आकडे लिहून पाहिलं, दर वेळी फरक. तेव्हापासून आमच्याकडे काखेत पूर्ण पाच मिनिटं. घरात थर्मामीटर असून 'ताप फार नाही' म्हणणारे कितीतरी लोक आवाज झाल्याबरोबर काढत असतील असं मला वाटतं.

बटण जास्त वेळ दाबलं गेलं की आकडा सेल्सियसवर जातो. एकदा आमच्या मुलाने फोनवर सांगितलं, 'आई, पप्पांना फक्त ३८.६ आहे, काही नाही.' मी मशीनवरून उठून धावले. ३८ म्हणजे १००.४, तो ताप आहे. ज्याच्या हातात थर्मामीटर देणार त्याला एवढं तरी सांगून ठेवा.

खिडकीत दिवा नाही. रात्री दोन वाजता घाम फुटल्यावर बघायचं तर मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो, झोपलेला माणूस जागा होतो. पन्नास रुपये जास्त घेऊन दिवा दिला असता तरी मी घेतला असता. जानेवारीच्या थंडीत सकाळी खिडकीतून उचलला की आकड्याच्या जागी 'एल ओ' अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. बिघडलेला नसतो, गार झालेला असतो, अंगाला लागला की आकडा येतो. बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी, एलआर ४१ नावाची, मे महिन्यात एकदा बदलली. लहान मुलं असलेल्या घरात ती बॅटरी फार जपून ठेवा, गिळली तर जिवावर बेतू शकतं.

आमच्या आईंचा भरवसा जुन्या पाऱ्याच्या काचेच्या थर्मामीटरवर. तो झटकायचा, तिरका धरून पाऱ्याची रेघ शोधायची. आकडा तो चांगला दाखवायचा, पण आमचा पूर्वी माझ्या हातून फुटला होता आणि पाऱ्याचे थेंब शिलाई मशीनखाली पळाले होते. झाडूने पारा गोळा करायचा नसतो, जास्त पसरतो, जाड कागदावर हळूहळू ढकलून घ्यावा लागतो आणि खिडक्या उघडाव्या लागतात. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात थांबवायला २०२० ची मुदत होती, दुकानदारानेही मला म्हणूनच डिजिटल काढून दिला. आणि गन घराघरांत कोरोनात आल्या, आमच्याकडेही आहे. पण घाम, पंखा, थंड हवा, कशानेही तिचा आकडा हलतो. दारात शंभर माणसं भराभर तपासायला ठीक आहे. ज्याचा ताप रोज येतो-जातो त्याच्यासाठी नाही.

वहीत मी चार वेळा ठरवल्या: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री आठ. पॅरासिटामॉल द्यायची तर आधी ताप बघायचा, मग गोळी, आणि गोळीची वेळ लिहायची. गोळीनंतर तासा-दोन तासांनी मोजलं तर आकडा गोळीने उतरवलेला असतो. एक दिवस असा आहे वहीत:

'१४ डिसें. स. ६ – ९७.६. दु. १२ – ९८.२. सं. ५ – ९९.८, हुडहुडी. रा. ८ – १०१.९, गोळी ८.१०. रा. २ – घाम, बनियन दोनदा बदललं, ९७.४.'

अशी पानामागून पानं. रोज सकाळी कोरं, रोज संध्याकाळी चढलेलं. निरोगी माणसाचंही अंग पहाटे थोडं गार आणि संध्याकाळी थोडं गरम असतं, पण डिग्रीभराच्या आसपास. चार-साडेचार डिग्रीचा हा चढ-उतार वेगळा, हे मला न शिकवताच दिसत होतं.

अंगदुखीला थर्मामीटर नाही. 'कालच्यापेक्षा कमी आहे का?' विचारलं की हे म्हणायचे, 'आहे तसंच.' मला काळजी नको म्हणून कधी 'बरंय' म्हणायचे, ते तर आणखी निरुपयोगी. म्हणून दोन खुणा ठरवल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, ३४ पायऱ्या. कामावरून येताना किती वेळा थांबले ते मी दारात उभी राहून मोजायचे. पूर्वी एकदाही थांबत नव्हते, डिसेंबरात तीनदा, कठड्याला धरून. दुसरी खूण बुटांची. कंपनीत जड सेफ्टी शूज घालावे लागतात. सकाळी पलंगाच्या कडेला बसून हे नाडी बांधायचे. ज्या दिवशी वाकता यायचं नाही त्या दिवशी मी खाली बसून बांधायचे आणि वहीत लिहायचे, 'नाडी मी.' त्या महिन्यात सलग अकरा दिवस 'नाडी मी' आहे. माझं बोलणं व्हायचं नाही तेव्हा, यांचंही नाही. मी नाडीची गाठ मारायचे आणि हे माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघायचे.

तीन आठवड्यांची वही घेऊन आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला बसणाऱ्या एका फिजिशियन मॅडमकडे गेलो. सकाळचीच वेळ होती, अंगात ताप नव्हताच. पण या वेळी ताप माझ्या पिशवीत होता. मॅडमनी वही घेतली, पहिल्या पानापासून बोट ठेवत वाचत गेल्या, पाच मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. 'नाडी मी' पाशी थांबून विचारलं, 'ताई, हे काय?' मी सांगितलं. मग त्यांनी यांना झोपवून पोट दाबून पाहिलं, प्लीहा थोडी वाढलेली लागली. कमरेच्या खालचे दोन सांधे दाबले तेव्हा हे ओरडले.

आणि मग प्रश्न. घरात कुणाला टीबी? शेतात, साचलेल्या पाण्यात काम? बाहेरगावी? उंदीर? जनावरं? सगळ्याला नाही. मग त्या म्हणाल्या, 'कच्चं दूध? न उकळलेलं, कुठलंही, गेल्या सहा महिन्यांत?'

मला तो स्टीलचा पेला डोळ्यांसमोर दिसला.

ब्रुसेलोसिस हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जनावरांचा आजार, शेळ्या, मेंढ्या, गाई, म्हशींमध्ये असतो, त्यांच्या कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, जनावराला हात लावल्याने माणसाला होतो. ताप चढतो, उतरतो, जातो, पुन्हा येतो, घाम खूप येतो, कंबर आणि सांधे धरतात. दूध पोटात गेल्यावर ताप यायला एक-दोन आठवडेही लागतात, कधी काही महिनेही. म्हणून कुणाला जोड लागत नाही. मॅडमनी सांगितलं की याला माल्टाचा ताप म्हणायचे. त्या बेटावर ब्रिटिश सैनिक असेच तापाने पडत, डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, आणि तो निघाला शेळ्यांच्या दुधातून. सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आणि मी ते दूध नऊ दिवस स्वतःच्या हाताने पाजलं. मला तिथेच रडू आलं. मॅडम म्हणाल्या, 'ताई, तुम्ही प्रेमानेच दिलंत. आणि हे कोडं तुमच्याच वहीने सुटतंय.'

प्लेटलेटचंही विचारलं मी. त्या म्हणाल्या, डेंगीत ताप उतरल्यावर काही दिवसांत बहुतेकांच्या प्लेटलेट आपोआप चढतात. त्याच दिवसांत दूध चालू होतं, म्हणून नाव दुधाचं झालं. आणि विडालबद्दल, त्या तपासणीत पूर्वीच्या संसर्गाच्या अँटिबॉडीही दिसू शकतात, एकट्या विडालवर टायफॉईड ठरवत नाहीत. रक्ताचं कल्चर करावं, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघावा, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी.

तपासण्यांना साडेतीन हजारांच्या वर गेले: सीबीसी, मलेरिया पुन्हा, छातीचा एक्सरे, लिव्हरच्या तपासण्या, कल्चर आणि ब्रुसेलाची अँटिबॉडी. लॅबला चिठ्ठीवर ब्रुसेलाचा संशय मुद्दाम लिहून दिला, कारण हा जंतू हळू वाढतो, बाटली जास्त दिवस ठेवावी लागते, शिवाय लॅबमधल्या माणसालाही त्याची लागण होऊ शकते. कल्चरमध्ये काही वाढलं नाही, पण अँटिबॉडीचा आकडा आला १:६४०. मॅडम म्हणाल्या, इतका आकडा आणि ही वही, आता शंका नको. पेल्यातलं उरलेलं दोन घोट मी प्यायले होते म्हणून माझंही रक्त तपासलं. माझं निगेटिव्ह आलं.

औषध सहा आठवडे, बेचाळीस दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही. डॉक्सीसायक्लिन दिवसातून दोनदा, रिफाम्पिसिन सकाळी उपाशीपोटी. मेडिकलवाल्याने रिफाम्पिसिन बघून मोठ्याने विचारलं, 'टीबी आहे का पेशंटला?' रांगेत आमच्या गल्लीतल्या दोघी होत्या, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. ज्यांना हे औषध लागेल त्यांना सांगते, ते टीबीतही देतात, पण फक्त टीबीतच देत नाहीत. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं, मॅडमनी आधी सांगितलं नसतं तर आम्ही घाबरून बंद केलं असतं. डॉक्सीसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली अडकून जखम करते. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून हे फेब्रुवारीत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायचे.

सहाव्या दिवशी रात्री आठचा आकडा ९८.९ होता. मी पाच मिनिटांनी पुन्हा लावला. तोच. दहाव्या दिवसापासून शंभरच्या वर एकही आकडा नाही. आणि खरी कसोटी तेव्हा लागली, तिसऱ्या आठवड्यात. ताप नाही, गोळ्यांनी मळमळतंय, पैसे जातायत, हे म्हणाले, 'आता बास.' मी वही उघडून नोव्हेंबरचं इंजेक्शनांनंतरचं सगळं सांगितलं, तेव्हाही असंच बरं वाटलं होतं आणि नवव्या दिवशी परत आला होता. मॅडमनीही हेच बजावलं होतं, अर्ध्यावर सोडलं तर उलटतो. सगळे बेचाळीस दिवस पूर्ण केले. जिन्यावर थांबणं तीनवरून दोन, मग एक. कंबर सगळ्यांत शेवटी सुटली. २ मार्चला मी ओट्यापाशी होते, बुटांचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर हे दारात उभे, निघालेले. वहीत त्या दिवशी फक्त एवढंच आहे, 'नाडी स्वतः.'

शेळीवाल्याकडे आम्ही दोघं एका रविवारी गेलो. भांडायला नाही. त्याने सांगितलं, श्रावणात त्याच्या दोन शेळ्या गाभडल्या होत्या आणि त्याने हातानेच सगळं साफ केलं होतं. त्याचाही गुडघा दोन महिने धरलेला. त्याला कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर हे स्वतः गेले. तिथे कळलं की सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस देतात. शेळ्या त्यात नाहीत. म्हणून शेळीचं दूध घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, खळखळून उकळा. गुण जात नाही, जंतू जातो. धारोष्ण दुधाचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय, माझ्या वडिलांनीही मला गोठ्यात बसवून पाजलंय, पण मी आता कुणालाही देणार नाही.

एक खबरदारी. वही लिहीत घरी बसायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्या तापात, तेही डॉक्टरांना दाखवत. तापात पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त दिसतंय, दम लागतोय, माणूस गुंगीत आहे, तर आकडा बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. डेंगीत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात.

पाचपैकी चार देते. दिवा असता तर साडेचार दिले असते. टोक स्पिरिटच्या कापसाने पुसून डबीत ठेवते, डबी शिलाई मशीनच्या खणात, टेपशेजारी. मॅडमनी वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणून अजून रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मोजते. कालचा ९७.८.

परवा खालच्या मजल्यावरची सून आली होती, तिच्या मुलीला दोन आठवड्यांपासून असाच ताप येतो-जातो. थर्मामीटर मागत होती. मी म्हटलं, माझा दोन दिवस ने, तोवर स्वतःचा आण आणि बॅटरीपण आण. वही घेऊन ये, रेघा मी मारून देते.